पानांवरून हवेचा अंदाज: स्वारगेट, कर्वे रस्ता आणि वेताळ टेकडीवरची मोजणी

पुण्यातल्या तीन ठिकाणच्या झाडांची पानं तपासून हवेच्या प्रदूषणाचा अंदाज घ्यायचं काम आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी हाती घेतलं, ते मे महिन्यात संपलं. महाविद्यालयातले विद्यार्थी, शाळांचे विज्ञान प्रकल्प, सोसायट्यांमधले पर्यावरण गट अशा बऱ्याच जणांना हे करून बघायचं असतं. पद्धती शोधनिबंधांत सापडतात, पण तिथे सगळं चार ओळींत उरकलेलं असतं आणि काम नेमकं कुठे अडतं ते लिहिलेलं नसतं. म्हणून हे जरा सविस्तर.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते. पान हवेतल्या धुळीचा आकडा देत नाही. ‘इथे घनमीटरमागे इतके मायक्रोग्रॅम’ हे यंत्रच सांगणार. पान सांगतं ते एवढंच, की या ठिकाणापेक्षा त्या ठिकाणी ताण जास्त आहे. म्हणजे सगळा खेळ तुलनेचा, आणि तुलना करायची तर जात एकच, पानाचं वय सारखं, जमिनीपासूनची उंची सारखी, तोडायची वेळ सारखी हवी. स्वारगेटच्या पिंपळाशी टेकडीवरच्या कडुनिंबाची तुलना केलेले तक्ते आम्ही पाहिले आहेत. त्यातून हवेबद्दल काहीही कळत नाही, झाडांच्या जातींमधला फरक तेवढा कळतो.

मोजायच्या गोष्टी दोन होत्या. एक, पानावर साचलेली धूळ, चौरस सेंटिमीटरमागे किती मिलिग्रॅम ते. दुसरी, प्रदूषण-सहनशीलता निर्देशांक. सिंह आणि राव यांनी १९८३ मध्ये मांडलेलं हे सूत्र भारतात आजही सर्रास वापरतात. त्यात पानातलं आस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व), हरितद्रव्य, अर्काचा सामू (पीएच) आणि जलांश (पानातल्या पाण्याचं प्रमाण) अशी चार मापं लागतात. धुळीवरून जागेबद्दल अधिक कळतं, निर्देशांकावरून झाडाबद्दल. निर्देशांक कमी असलेली जात प्रदूषणाने लवकर कोमेजते, म्हणून ती सूचक म्हणून चांगली. जास्त असलेली जात तग धरते, म्हणून ती रस्त्याकडेला लावायला चांगली. हे दोन उपयोग एकमेकांत मिसळले की अहवालाचा गोंधळ झालाच.

ठिकाणं ठरवायला पहिला आठवडा गेला. स्वारगेट चौक वाहनांच्या वर्दळीसाठी आणि वेताळ टेकडी तुलनेने स्वच्छ जागा म्हणून. कर्वे रस्ता घेतला कारण त्या भागात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा तपासणी केंद्र आहे. पानांवरची धूळ केंद्राच्या आकड्यांशेजारी मांडून बघता येते, हा त्याचा मोठा फायदा. पुण्यातल्या सतत चालणाऱ्या केंद्रांचे आकडे केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावरून तारखेनुसार उतरवून घेता येतात. पानं तोडायच्या आधीच्या दोन आठवड्यांचे आकडे घ्या, कारण पानावरची धूळ त्या एका दिवसाची नसते, आधीपासून साचत आलेली असते. राष्ट्रीय मानकानुसार पीएम १० ची (दहा मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धूलिकणांची) चोवीस तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आणि वार्षिक ६० आहे. या दोन रेषा आलेखावर आधीच आखून ठेवल्या की बरं पडतं.

झाडं निवडताना कस लागला. तिन्ही ठिकाणी असलेली, हात पोचेल अशा फांद्यांची, सदाहरित किंवा निदान बराच काळ पानं टिकवणारी जात हवी होती. वड आणि पिंपळ रस्त्याकडेला भरपूर, पण त्यांच्या खालच्या फांद्या छाटलेल्या असतात. शिवाय पिंपळाच्या पानाचा देठ लांब, पान सतत सळसळतं, त्यामुळे धूळ झटकली जाते. कण्हेर दुभाजकांवर सगळीकडे दिसते. तिची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला खोलगट खळग्यांत, केसांच्या आड असतात, म्हणून ती धुळीत टिकते. पण टेकडीवर ती नाही, आणि चीक विषारी असल्याने शाळेच्या मुलांच्या हाती देण्यासारखी नाही. शेवटी कडुनिंब आणि करंज या दोन जाती घेतल्या. करंजाच्या पानांवर कोळीकिडीमुळे बोंडांसारख्या गाठी येतात, ती पानं टाळावी लागतात. मावा पडून चिकटा आलेली पानं तर अजिबात घेऊ नयेत. चिकट्यावर धूळ गोंदासारखी बसते आणि एकच असं पान सगळी सरासरी बिघडवतं.

मग परवानगी. ‘पानं तोडायला कसली परवानगी’ असं बरेच जण म्हणतील. पण महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यात झाड ‘तोडणे’ या शब्दाच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. मूठभर पानांसाठी कोणी गुन्हा दाखल करणार नाही, तरी कागद हातात असलेला बरा. रस्त्यावरच्या झाडांसाठी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करायचा. टेकडीचा जो भाग वनखात्याकडे आहे तिथल्यासाठी अर्ज वेगळा. अर्जात जातींची नावं, ठिकाणांचा साधा नकाशा, एका झाडाची जास्तीत जास्त किती पानं घेणार, फांदी कापणार नाही आणि शिडी लावणार नाही हे स्पष्ट शब्दांत, कालावधी, आणि ज्या महाविद्यालयात तपासणी होणार त्याचं पत्र. अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. पुढची सगळी चौकशी त्या क्रमांकावरच चालते. उत्तर यायला महिना धरून चला. थांबण्याचा तो काळ नकोसा होतो, कारण पाऊस संपलेला असतो, धूळ साचू लागलेली असते आणि हात बांधलेले. तेवढ्यात प्रयोगशाळेची तयारी उरकावी. परवानगीच्या झेरॉक्स प्रती पिशवीत ठेवा. पानं तोडताना टेकडीवर सकाळी फिरायला येणारे हमखास विचारतात आणि चौकात दुकानदार विचारतात. त्यांनी विचारावं हे चांगलंच आहे.

उपकरणं एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातली वापरायला मिळाली, रसायनं आम्ही आणली. विश्लेषण दर्जाचं अ‍ॅसिटोन, ऑक्झॅलिक आम्ल, प्रमाणित आस्कॉर्बिक आम्ल, इंडोफिनॉल रंजक, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, गाळण कागद, झिपच्या पिशव्या आणि बर्फाचा डबा मिळून सहा-सात हजारांत भागतं. सगळ्यांत महाग इंडोफिनॉल. ते लागतं अगदी थोडं, पण सुटं मिळत नाही, म्हणून दोन गटांनी मिळून एक बाटली घ्यावी. ऑनलाइन मिळणारा स्वस्त खिशातला काटा या कामाचा नाही. तो ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो आणि आपल्याला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचायचं असतं.

पहिली पानं डिसेंबरात घेतली. पाऊस पडला असेल तर त्यानंतर निदान आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत, आणि तिन्ही ठिकाणची पानं एकाच सकाळी, आठ ते दहाच्या दरम्यान घ्यावीत. ऊन चढलं की पानातलं पाणी घटतं आणि जलांशाचं माप खोटं पडतं. रस्त्याच्या बाजूची फांदी, जमिनीपासून दीड ते दोन मीटर उंची, म्हणजे माणूस श्वास घेतो साधारण तीच पातळी. शेंड्याकडची कोवळी आणि बुंध्याकडची जून पानं सोडून मधली, पूर्ण वाढलेली घ्यायची. देठ कात्रीने कापा. हिसका मारला की निम्मी धूळ तिथेच गळून पडते. धुळीसाठीची पानं पृष्ठभागाला हात न लावता थेट पिशवीत, आणि निर्देशांकासाठीची वेगळ्या पिशवीत घालून बर्फावर. पिशवीवर जात, झाडाचा क्रमांक, तारीख, वेळ हे सगळं पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत टाका. मार्करची शाई बर्फाच्या पाण्याने पुसली जाते. एक बारीक पण महत्त्वाची चौकशी आधी करा: दुभाजकाला पाणी घालणारा टँकर कधी येतो? पाइपचा फवारा पानांवर बसला असेल तर त्या झाडाची मोजणी वायाच.

धुळीची मोजणी त्याच दिवशी संध्याकाळी. बीकर भट्टीत वाळवून, शोषकपात्रात (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करून वजन करून ठेवलेला असतो. एका झाडाच्या दहा पर्णिका (संयुक्त पानातली सुटी छोटी पानं), मऊ केसांच्या बारीक ब्रशने, मोजक्या ऊर्ध्वपातित पाण्यात दोन्ही बाजूंनी धुवायच्या आणि ते सगळं पाणी बीकरमध्ये घ्यायचं. मग १०० अंशांवर पाणी पूर्ण आटवायचं, पुन्हा शोषकपात्रात गार करायचं आणि वजन करायचं. गरम बीकर काट्यावर ठेवला तर काटा कमी दाखवतो, म्हणून घाई नको. नळाचं पाणी का चालत नाही, तर त्यातले क्षार आटून तळाशी बसतात आणि धूळ म्हणून मोजले जातात. ऊर्ध्वपातित पाण्याचाही एक कोरा बीकर सोबत आटवावा आणि त्यात जे उरेल ते वजा करावं.

क्षेत्रफळासाठी धुतलेली पर्णिका आलेख कागदावर ठेवून कड गिरवायची आणि चौकोन मोजायचे. कडुनिंबाच्या दातेरी पर्णिकांना हे फार वेळखाऊ होतं. त्याला सोपा उपाय आहे: गिरवलेला आकार कापून त्याचं वजन करायचं, त्याच कागदाच्या १०० चौरस सेंटिमीटर तुकड्याचंही वजन करायचं आणि प्रमाण काढायचं. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढला तर इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअरही क्षेत्रफळ काढून देतं. क्षेत्रफळ एका बाजूचं धरलं की दोन्ही बाजूंचं, ते तक्त्याखाली लिहाच. समजा दहा करंज पर्णिकांचं एका बाजूचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर आणि धूळ १२० मिलिग्रॅम भरली, तर उत्तर ०.३ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. दोन्ही बाजू धरणाऱ्याचं उत्तर याच्या निम्मं येईल, आणि मग दोन गटांचे आकडे उगाच भांडत बसतात.

या टप्प्यावर एक गोष्ट जरूर करून बघा. धुतलेलं थोडं पाणी आटवण्याऐवजी गाळण कागदातून गाळा. टेकडीवरच्या पानांचा कागद मातकट, तांबूस-पिवळा येतो. स्वारगेटचा राखाडी-काळा, आणि त्याच्या कडेने तेलकट वलय. कागद वाळला की खालून जोरदार चुंबक फिरवा. चौकातल्या धुळीतले काळे कण कागदावर हलताना दिसतात. ब्रेक आणि इंजिनाच्या झिजेतून येणारे हे लोहयुक्त कण. पानांचं चुंबकत्व मोजून वाहतुकीच्या प्रदूषणाचे नकाशे करण्याची रीतसर पद्धत आहे. बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये नागरिकांनी घराघरांत ठेवलेल्या स्ट्रॉबेरीच्या रोपांवर हा प्रयोग झालेला आहे. त्याला लागणारी उपकरणं साध्या महाविद्यालयात नसतात, पण चुंबकाने एवढं तरी कळतं, की दोन्हीकडची धूळ वजनाला सारखी भरली तरी जात निराळी आहे. टेकडीवर उन्हाळ्यात पायवाटांची माती उडते आणि नुसतं वजन पाहिलं तर ‘स्वच्छ’ जागाही बरीच मळकी दिसू शकते. म्हणून पायवाटेपासून आत असलेली झाडं निवडा.

दुसऱ्या दिवशी निर्देशांकाचं काम. यातला जलांश सगळ्यांत सोपा. ताज्या पानाचं वजन, मग ते रात्रभर ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून टिपकागदाने अलगद टिपून वजन, मग ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून वजन. ताज्यातून सुकं वजा, भागिले फुगलेल्यातून सुकं वजा, गुणिले शंभर. पान तोडल्याबरोबर बंद पिशवीत गेलं नसेल तर वाटेतच पाणी उडतं आणि पुढचं सगळं चुकतं.

सामूसाठी पाच ग्रॅम पानं ५० मिलिलिटर पाण्यात वाटून, गाळून मीटर लावायचा. मीटर त्याच सकाळी ४ आणि ७ च्या बफरने जुळवून घ्या.

हरितद्रव्यासाठी पाव ग्रॅम पान ८० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये खलायचं आणि अपकेंद्रित करून (सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून) २५ मिलिलिटरपर्यंत न्यायचं. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६४५ आणि ६६३ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण वाचायचं. अर्नन यांच्या १९४९ च्या सूत्राने ६४५ च्या वाचनाला २०.२ ने आणि ६६३ च्या वाचनाला ८.०२ ने गुणून बेरीज करायची, तिला आकारमानाने गुणून वजनाच्या हजारपटीने भागायचं. समजा वाचनं ०.४ आणि ०.९ आली, तर ग्रॅममागे सुमारे १.५३ मिलिग्रॅम. वाचन १ च्या वर गेलं तर अर्क पातळ करून पुन्हा वाचा. खलताना चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट घाला. पानातल्या आम्लाने हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा अर्क तपकिरी पडू लागतो, ते त्याने थांबतं. गंधकाच्या धुरात सापडलेल्या पानाचंही आतून हेच होतं. खोलीत मंद उजेड हवा, आणि अ‍ॅसिटोन ज्वालाग्राही असल्याने जवळपास बर्नर नको.

खरी परीक्षा आस्कॉर्बिक आम्लाची. एक ग्रॅम ताजं पान ४ टक्के ऑक्झॅलिक आम्लात लगेच खलायचं. ‘आधी सगळी पानं कापून ठेवू, मग खलू’ हे इथे चालत नाही, कारण कापलेल्या पानात हे आम्ल भराभर नष्ट होतं. अर्क २५ मिलिलिटरपर्यंत नेऊन अपकेंद्रित करा आणि त्यातले ५ मिलिलिटर घ्या. त्यात १० मिलिलिटर ऑक्झॅलिक आम्ल घालून इंडोफिनॉलने अनुमापन (टायट्रेशन) करा. रंजक करण्यासाठी २०० मिलिलिटर पाण्यात ५२ मिलिग्रॅम इंडोफिनॉल आणि ४२ मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट. हे निळं द्रावण आम्लात पडलं की गुलाबी होतं आणि आस्कॉर्बिक आम्ल असेपर्यंत रंग उडत राहतो. फिकट गुलाबी छटा दहा-पंधरा सेकंद टिकली की थांबायचं. हिरवट अर्कात ती छटा ओळखणं कठीण जातं. रंजक न घातलेला अर्क शेजारी ठेवा आणि फ्लास्कखाली पांढरी फरशी किंवा कागद ठेवा, नजर बसते. अनुमापन मिनिटाभरात उरका. संथपणे केलं तर अर्कातले इतर पदार्थही रंग खाऊ लागतात. ५ मिलिलिटरमध्ये ०.५ मिलिग्रॅम आस्कॉर्बिक आम्ल असलेल्या प्रमाणित द्रावणाचं अनुमापन रोज सकाळी आधी करायचं, कारण रंजक फ्रिजमध्ये ठेवलं तरी दिवसागणिक उतरतं. आठवड्याच्या पुढे ते वापरू नका.

सूत्र असं: निर्देशांक = [आस्कॉर्बिक आम्ल × (हरितद्रव्य + सामू) + जलांश] ÷ १०. उदाहरणादाखल आस्कॉर्बिक आम्ल ६ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम, हरितद्रव्य १.५३, सामू ६.२ आणि जलांश ७८ टक्के धरा. उत्तर १२.४ येतं. आता जलांश पाच टक्क्यांनी चुकला तर निर्देशांक फक्त अर्ध्याने हलतो. आस्कॉर्बिक आम्ल दुप्पट मोजलं गेलं तर तो थेट १७ च्या वर जातो. म्हणून वेळ आणि काळजी कुठे खर्च करायची हे सूत्रच सांगतं: प्रत्येक नमुन्याचं अनुमापन तीनदा, जलांश दोनदा केला तरी चालेल. पाठ्यपुस्तकांतलं अनुमापनाचं सूत्र बहुधा १०० ग्रॅममागे उत्तर देतं, त्याला शंभराने भागायला विसरलं की निर्देशांक चारशेच्या पुढे जातो. असे आकडे छापून आलेले दिसले तर चूक याच ठिकाणी शोधा.

वर्गवारीबद्दलही सावध राहा. काही अभ्यास ११ पर्यंत संवेदनशील, १२ ते १६ मध्यम आणि १७ च्या पुढे सहनशील मानतात. दुसऱ्या एका प्रचलित वर्गवारीत १ ते १६ संवेदनशील, १७ ते २९ मध्यम आणि ३० ते १०० सहनशील. म्हणजे तेच १२.४ एका ठिकाणी मध्यम आणि दुसऱ्या ठिकाणी संवेदनशील. आम्ही अहवालात लेबलं न लावता आकडेच दिले.

फेब्रुवारीत आणखी एक अडचण समोर आली. हिवाळा आणि उन्हाळा यांची तुलना करायची असं मुळात ठरलं होतं. पण कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो, करंज त्याच्या मागोमाग, आणि मग नवी पालवी येते. मे महिन्यातलं पान दोनेक महिन्यांचं असतं, डिसेंबरमधलं त्यापेक्षा बरंच जुनं. धूळ कमी भरली ती हवा सुधारली म्हणून की पान नवं म्हणून, हे सांगता येत नाही. त्यामुळे आम्ही ऋतूंची तुलना सोडली आणि एकाच तारखेला तीन ठिकाणं एवढीच तुलना ठेवली. हंगामी फरकच पाहायचा असेल तर फांदीवरच्या ठरावीक पानांना पालवीपासून दोरा बांधून त्यांची नोंद ठेवावी लागेल. मे अखेर पावसाळ्यापूर्वीची छाटणी होते, आणि खूण केलेल्या खालच्या फांद्याच पहिल्यांदा जातात. शेवटची पानं त्याआधी घ्या.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून निदान करायचा मोह होतो, तो आवरावा. शिरांमधला भाग पिवळा पडणं गंधकाच्या धुराने होतं, तसंच मॅग्नेशियमच्या कमतरतेनेही होतं. कडा करपणं फ्लोराइडने होतं, तसंच खारट पाण्याने आणि दुष्काळानेही. वीटभट्ट्यांच्या जवळ आंब्याच्या फळाचं टोक काळं पडतं तो ‘ब्लॅक टिप’ रोग धुरामुळे होतो हे पक्कं माहीत आहे, पण तिथेही भट्टीचं अंतर आणि वाऱ्याची दिशा तपासूनच निष्कर्ष काढला गेला. चौकातल्या करंजाचं पान पिवळं दिसलं तर आधी बुंध्याभोवतीचं काँक्रीट बघा.

धुळीचा क्रम अपेक्षेप्रमाणे आला, स्वारगेट सर्वांत वर आणि टेकडी खाली. कडुनिंबापेक्षा करंजाच्या रुंद पर्णिकांवर धूळ जास्त टिकली. निर्देशांकातला फरक मात्र धुळीइतका ठळक नव्हता, आणि ते तसंच लिहिलं. अहवालाची एक प्रत वृक्ष अधिकाऱ्यांकडे दिली, सोबत नोंदवहीची छायाप्रत, झाडांचे क्रमांक आणि पानं घेतली त्या तारखांच्या आधीचे केंद्राचे आकडे. वापरलेलं अ‍ॅसिटोन बेसिनमध्ये न ओतता विभागाच्या टाकाऊ द्रावकांच्या बाटलीत गेलं.

शाळांना एवढं सगळं करायची गरज नाही. जवळच्या महाविद्यालयाचा काटा आणि भट्टी दोन दिवस मिळाली तर फक्त धुळीची मोजणी दोन-चारशे रुपयांत होते. त्यासाठी एकच जात आणि दोन ठिकाणं पुरेत. प्रत्येक ठिकाणी पाच झाडं, प्रत्येक झाडाची दहा पानं, आलेख कागद आणि ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन. पाचापेक्षा कमी झाडं घेऊ नका, कारण एखादं झाड बसथांब्याला लागून निघतं आणि एखादं भिंतीच्या आड.